नवसाचा मेंढा

तामलवाडीच्या माळावर बिभीषणाच्या चाळीस मेंढ्या आहेत आणि त्यांना मेंढा एकच. गेल्या साली रोगानं निम्मा कळप खाल्ला. यंदा कोकरं झाली तरच मेंढरं टिकणार, नाहीतर साठीच्या बिभीषणाला काठी कोपऱ्यात ठेवावी लागणार. मेंढरांशिवाय आपल्याला कशातलं काही कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो.

मेंढा दिसायला राजबिंडा. दोन वर्षं त्याला कातर लागलेली नाही. लेकीची, दीपालीची, लग्नाला आठ वर्षं झाली तरी कूस उजवेना, तेव्हा बायकोनं, कोंडाबाईनं, बिरोबाला शब्द दिला. लेकीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत या मेंढ्याच्या लोकरीला लोखंड लावायचं नाही. देव पावला, दीपालीला पाचवा महिना लागला. पण इकडे मेंढ्या माजावर यायच्या, मेंढा त्यांच्यावर उडायचा आणि सतरा-अठरा दिवसांनी त्याच मेंढ्या उलटायच्या, म्हणजे पुन्हा माजावर यायच्या. एकही गाभण राहिना.

बिभीषणानं अंगारा लावला, चारा बदलला, मेंढ्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. शेवटी जनावरांच्या डॉक्टरला, शांतलिंगला, आणलं. त्यानं मेंढ्याच्या लोकरीत हात घातला, तो मनगटापर्यंत बुडाला.

"मामा, एवढी गोधडी पांघरून उन्हाळाभर शिजलाय ह्यो. बी मेलंय त्याचं. आज कातरा, सावलीला बांधा. दोन महिन्यानं येईल ताळ्यावर."

दोन महिने थांबायला वेळ कुणाला होता? तोवर निम्मा हंगाम सरायचा. उसना मेंढा मागायला बिभीषण पार माकणीपर्यंत जाऊन आला. ऐन हंगामात आपला मेंढा कोण देतो?

घरी येऊन त्यानं कातर काढली, तशी कोंडाबाई मेंढ्याच्या गळ्याला मिठी मारून बसली.

"पोरीच्या पोटाला काय झालं म्हंजे?"

"अन् ह्या चाळीस जणी भाकड राह्यल्या म्हंजे? काय खावं आपण, माती?" बिभीषण ओरडला आणि ओरडता ओरडता रडायलाच लागला. उभ्या संसारात तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं मिठी सोडली. "कातरा. पण दीपालीला कळू देऊ नगा." आणि डोळे गच्च मिटून तिनंच शिंगं धरली.

त्याला आज तेवीस दिवस झाले. मेंढ्या अजून उलटतायत. दीपालीचा फोन रोज दुपारी येतो. तो वाजला की नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहतात, आणि उचलायला कुणाचाच हात लवकर पुढे होत नाही.