टू-ट्वेंटी-थ्री की थ्री-ओ-एट?

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या मोटार कारखान्यात ब्रेकचं डिझाइन करणारे पद्माकर दाणी साधा चमचासुद्धा तुलना केल्याशिवाय विकत घेत नाहीत. गावच्या नेमबाजी क्लबात, म्हणजे शुत्सनफेराइनमध्ये, ते बायकोला, विभावरीताईंना, घेऊन दाखल झाले तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी होती: क्लबच्या संघात जागा. संघाचा फोटो तिथल्या भिंतीवर लागतो. इतकी वर्षं गावात काढली, पण त्या फोटोत आपलं तोंड दिसल्याशिवाय आपण इथले नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं आणि ते त्यांना आतून खात होतं.

संघात यायचं तर स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी. झालं! कुठल्या काडतुसाची घ्यायची, इथेच साहेबांचं घोडं अडलं. टू-ट्वेंटी-थ्री हलकं, धक्का कमी. थ्री-ओ-एट दणकट, वाऱ्याला दाद न देणारं. त्यांनी एक्सेल उघडलं. धक्का, वारा, नळीची झीज, प्रत्येकाला वेगळं वेटेज! दर शुक्रवारी क्लबात जायचं, ॲपलशोर्लं, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, घेऊन बसायचं आणि जो सापडेल त्याला ऐकवायचं, "आल्झो, म्हणजे असं बघा, तीनशे मीटरवर वारा सुटला तर..." अहो, पण क्लबची रेंज शंभर मीटरची, तीही छपराखाली! वारा यायचा कुठून? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

विभावरीताईंना त्या टेबलाशी कंटाळा यायचा. किती ऐकणार माणूस? त्या उठून क्लबची रायफल घ्यायच्या, नेम धरायच्या आणि भोकं पडलेला कागद घेऊन परत यायच्या.

"तुम्ही पण चला ना," त्या म्हणायच्या.

"आधी निर्णय होऊ दे," हे म्हणायचे.

वर्ष सरलं आणि एकदाचा निर्णय झाला: थ्री-ओ-एट! पद्माकरराव इस्त्रीचा शर्ट घालून अध्यक्षांकडे, हेर (म्हणजे श्रीयुत) बॉयर्लेंकडे, गेले. इथे मनात आलं आणि बंदूक आणली, असं चालत नाही. जो वर्षभर नियमित नेमबाजी करतो, त्याला रायफलची गरज आहे असं क्लब लिहून देतो, मग सरकार परवाना देतं.

"हेर दाणी, कॅलिबरमधलं तुमच्याइतकं इथे कुणालाच कळत नाही," बॉयर्ले म्हणाले. "पण पहिल्या शुक्रवारनंतर तुम्ही रेंजवर पाऊलच ठेवलं नाहीत. तुमच्या मिसेसना मात्र पत्र देतो. संघातही एक जागा आहे."

पद्माकररावांचं तोंड एवढंसं झालं. ती एकच जागा होती हो!

विभावरीताईंनी टू-ट्वेंटी-थ्री घेतली. का, तर "खांदा दुखत नाही, आणि कागदालाच तर भोक पाडायचंय."

रायफल घरी यायच्या आधी लोखंडी तिजोरी आली. पद्माकररावांनी ती घाम गाळत जिन्यावरून चढवली, भिंतीत बोल्ट मारून पक्की केली, लेव्हल लावून तपासली. मग मोठ्या हौसेनं विचारलं, "नंबर काय ठेवतेस?"

"अहो, जरा बाहेर थांबता?" विभावरीताई संकोचून म्हणाल्या. "परवाना नसलेल्याला नंबर कळता कामा नये. कायदाच आहे."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"हो, पण परवाना नाहीये ना."

दार लागलं. पद्माकरराव पाना हातात धरून पॅसेजमध्ये उभे राहिले. आत बटणं वाजायला लागली.

"किती आकडी आहे, तेवढं तरी सांग," ते दाराला तोंड लावून म्हणाले.