आईच्या कोंबड्या

हॉस्पिटलच्या मेंटेनन्स खात्यात त्याला सगळे 'मेनस्विच' म्हणत. डॉक्टर म्हणत, नर्सा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. खोलीतून बाहेर पडताना त्याचा हात आपोआप भिंतीकडे जाई. दिवा, पंखा, चार्जर, जे चालू असेल ते बटणावरून बंद करूनच तो दार ओढी. एकदा सभागृहात वरिष्ठांचं भाषण रंगात आलं असताना हा मागच्या दाराने निघाला आणि जाता जाता माइकचा प्लगही बंद करून गेला. त्या दिवशी त्याला पडल्या तेवढ्या टाळ्या भाषणाला पडल्या नसत्या.

सवयीला कारण होतं. उमेदवारीच्या काळात तो एका कपड्यांच्या गोदामात वायरिंगला होता. तिथे कुणीतरी इस्त्री चालू ठेवून जेवायला गेलं. गोदाम त्याच दुपारी आगीत गेलं, वॉचमन पुढे काही आठवड्यांनी. तेव्हापासून रिमोटने बंद केलेला टीव्ही त्याच्या लेखी बंद नव्हता. "लाल दिवा दिसतोय ना? म्हणजे आत वीज उभी आहे," तो म्हणे. घरात सवलत फक्त फ्रिजला होती.

बायको म्हणायची, "अहो, तुमचं चाललं असतं तर रात्री माझंही बटण बंद करून झोपला असतात."

"सापडलं असतं तर केलं असतं," तो म्हणायचा.

घरात माणसं तीन. तो, एका झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर बसणारी बायको आणि आई. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. आईने सारा जन्म शिवणकामाच्या कारखान्यात काजं करण्यात काढला होता आणि आता तिची आठवण उसवत चालली होती. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. सकाळी ती बरी असायची. ऊन उतरायला लागलं की मात्र तिच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. "घरी जायला हवं, पोरं उपाशी असतील," म्हणत ती चपला शोधायची. पोरं म्हणजे तिची धाकटी भावंडं. त्यांना भरवण्याचं काम लहानपणी तिच्याकडे होतं. ती भावंडं केव्हाच म्हातारी होऊन एकामागून एक गेली होती, पण तिला हे सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलं की ती प्रत्येक वेळी नव्याने रडायची.

पंचाईत अशी की नेमकी ती वेळ घर रिकामं असण्याची होती. बायको जेवणं आटोपून दुकानात जायची, ती रात्रीच यायची. तो अंधार पडता पडता पोचायचा. मधली दुपार आई एकटी. दोघांपैकी एकाची नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं.

यातून वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. मुलगी जाताना टीव्हीला जोडायचा तिचा गेमचा कन्सोल मागे ठेवून गेली होती. त्यावर जुन्या जमान्यातले खेळ विकत घेऊन डाउनलोड करता येत, आणि तिने तसे बरेच करून ठेवले होते. त्यातल्या एकात मारामारी नव्हती, घाई नव्हती. चौकोनी ठिपक्यांचं एक घर, पुढे शेत, कडेला ओढा, मागे कोंबड्यांचं खुराडं. सुटीत आलेल्या नातीने तो गंमत म्हणून आजीच्या हातात दिला. बोटांना जन्मभराची सवय होती, आजी कंट्रोलर पटकन शिकली. पहिली कोंबडी घेतल्यावर खेळाने तिचं नाव विचारलं.

"काय ठेवू, आजी?"

"नकटी," आजी म्हणाली. नकटी ही तिची पाठची बहीण.

मग बाळी आली, तात्या आला, भावांत मोठा म्हणून थोरला, गुंडू, असं करत सगळं खुराडं भावंडांनी भरलं. नात नावं टाइप करत गेली, आजी दाणे टाकत गेली. तेव्हापासून दुपारी निघताना बायको कन्सोल लावून कंट्रोलर सासूच्या हातात द्यायची. ऊन उतरायचं, आई प्रत्येक कोंबडीपुढे जाऊन तिला नावाने हाक मारायची, भरवायची, आणि जागेवरच बसून राहायची. खेळातल्या घरात जाऊन पलंगावर झोपलं की खेळ आपोआप सेव्ह व्हायचा, तेही ती न चुकता करायची. पोरं जेवली की झोपायचं, हे तिच्या अंगात होतं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "गोळ्यांनी जे होत नाहीये ते होतंय. अजिबात मोडू नका," म्हणाल्या.

साधारण वर्षभर ते मोडलं नाही. मग पडद्यावर एक सूचना झळकू लागली. कंपनी जुन्या खेळांचं दुकान बंद करणार होती. आधी डाउनलोड केलेले खेळ चालतील, पण दुकान बंद झाल्यावर ते पुन्हा उतरवता येणार नाहीत. कन्सोल तर आधीच थकला होता. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा.

आयुष्यभर ऑपरेशन थिएटरला बॅकअप लाइन देणाऱ्या माणसाला यात काही नवीन नव्हतं. चालू यंत्राला जोडीदार हवा, बस्स. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या टेक्निशियनकडे तसलाच कन्सोल पडून होता, तो त्याने घेतला. मुलीच्या खात्यावरून दुकान बंद व्हायच्या आत खेळ त्यावर उतरवून ठेवला, उघडून पाहिला, पुसून कपाटात ठेवला.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, नुसता खेळ उतरवून भागत नाही. आजीचं शेत, कोंबड्या हे सगळं सेव्हमध्ये असतं, ते वेगळं. मी खात्याला ऑनलाइन बॅकअप घेतलाय, तो आपोआप वर जातो. सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' चालू आहे का बघ."

त्याने चष्मा लावून पाहिलं. समोर बरोबरची खूण होती. "चालू आहे."

"नक्की?"

"अगं, तुझ्या बापाला चालू-बंद शिकवतेस?"

दोघांचंही खरं होतं. सेटिंग चालूच होतं. त्या रात्री तो निर्धास्त झोपला. पुढे कधी हॉस्पिटलात कुणी आईची चौकशी केली तर तो थोड्या अभिमानाने म्हणायचा, "तिचं सगळं डबल करून ठेवलंय."

ज्या दिवशी कन्सोल गेला त्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. टीव्हीचा पडदा काळा, आणि खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास. त्याचा हात आधी भिंतीवरच्या बटणावर गेला, मग नजर आईच्या खुर्चीवर. खुर्ची रिकामी होती.

आई सापडली ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात सुनेची. शेजारी एक बस ड्रायव्हर ड्यूटी संपवून तिच्यापाशी थांबून राहिला होता.

"तुमच्या आई का? कुठे जायचं विचारलं तर म्हणतात, पोरांकडे. आणि सिग्नल न बघता आल्या हो रस्त्यातून. माझा ब्रेक लागला म्हणून."

घरी आणून तिला पाणी दिल्यावर त्याने कपाटातला कन्सोल काढला. अजून तो घाबरला नव्हता. याच दिवसासाठी तर तो ठेवला होता. वायरी जोडल्या, खेळ उघडला. चौकोनी घर आलं, ओढा आला, आणि खाली एकच ओळ आली: नवा खेळ सुरू करा.

त्याने मुलीला फोन लावला. ती लॅपटॉपवर खातं उघडून बघत राहिली.

"बाबा, इथे काहीच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदाही वर गेलेलं नाही. असं कसं? थांब. हा बॅकअप कन्सोल झोपलेला असताना जातो. तू खेळ झाल्यावर त्याला स्लीपवर ठेवतोस ना?"

"बंद करतो."

"म्हणजे कंट्रोलरवरून?"

त्याची नजर भिंतीवरच्या बटणाकडे गेली.

"बाबा, भिंतीवरून?"

"सगळं भिंतीवरूनच बंद करतो मी. तुला माहीत आहे."

मग मुलगी म्हणाली, "हो. माहीत आहे मला. मीच विसरले." तिचा आवाज बिघडला आणि तिने मीटिंग असल्याचं सांगून फोन ठेवला. त्या वेळी कसली मीटिंग, हे त्याने विचारलं नाही.

जळका कन्सोल घेऊन तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाला बोलका होता. आत डोकावून म्हणाला, "काका, हा काय तळून आणलात का?"

"बोर्ड जाऊ दे. मला यातला डेटा हवाय."

"डेटा या चिपमध्ये आहे. चिप कदाचित धडधाकटही असेल. पण तिची किल्ली या बोर्डात होती. दुसऱ्या बोर्डावर बसवली तर ती तोंड उघडणार नाही. चोऱ्या होऊ नयेत म्हणून कंपनीने तशी सोय केलीय." त्याने भिंग खाली ठेवलं. "काय होतं एवढं? मुलाचं रेकॉर्ड?"

"आईच्या कोंबड्या होत्या."

दुरुस्तीवाला हसायला लागला आणि समोरचा चेहरा पाहून थांबला. ओळखीच्या एका मोठ्या कारागिराकडे त्याने तो डबा स्वतःहून पाठवला. डबा आला तसाच परत आला.

आता उरलं होतं ते एकच: शेत पुन्हा उभं करायचं. कोऱ्या खेळात दगड आणि तण होतं, खुराडंही नव्हतं. आईपुढे ते लावलं तेव्हा तिने क्षणभर पाहिलं, "हे कुणाचं?" विचारलं आणि चपला शोधायला उठली. म्हणून त्याने रजा टाकली आणि स्वतः खेळायला बसला. पॅनेल बोर्ड डोळे मिटून जोडणाऱ्या माणसाच्या नाकी नऊ आले. खेळातला त्याचा माणूस ओढ्यात पडायचा, पिकाऐवजी दगडाला पाणी घालायचा. बायको आल्यावर विचारायची, "काय, पेरणी झाली का?" तिच्या बोलण्यातली थट्टा तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपली. मग ती मुकाट्याने शेजारी बसून, पूर्वी येता-जाता पाहिलेलं सांगायची. इकडे कुंपण होतं वाटतं. नाही, तिकडे.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वर्षभर रोज घरी येऊन त्याने तो पडदा बंद केला, पण एकदाही नीट पाहिला नव्हता.

कोंबड्या जमल्या. नावं मुलीने फोनवरून सांगितली. तिला सगळी आठवली नाहीत. शेवटच्या दोन तर तिने पाहिल्याच नव्हत्या, त्या ती परत गेल्यावर आजीने स्वतः घेऊन, एकेक अक्षर शोधत नाव दिलेल्या होत्या. नातेवाइकांत विचारावं तर त्या पिढीतलं उरलं कोण होतं? त्याने आईलाच विचारलं.

"आई, नकटी, बाळी, तात्या, थोरला, गुंडू. अजून कोण होतं?"

"कुठे?"

"तुमच्या घरी. तू भरवायचीस ती."

आईने कपाळाला आठ्या घातल्या आणि खूप प्रयत्न केला. "तू कुणाकडचा?" तिने विचारलं.

शेवटी होत्या तेवढ्यांवर त्याने एका दुपारी तिला खुर्चीत बसवलं. तिने कंट्रोलर घेतला, खुराड्यात गेली, पहिल्या कोंबडीपुढे उभी राहिली. पडद्यावर नाव आलं. तिचा चेहरा उजळला. मग ती दुसरीकडे गेली, तिसरीकडे, आणि परत पहिलीकडे आली.

"ही नकटी नाही."

"आहे ना, आई. नाव बघ."

"नकटी पांढरी आहे. ही कोण? नकटी कुठंय?" तिने कंट्रोलर टाकला. "माझी पोरं कुठे नेलीत तुम्ही? आणि ही कुणाची आणून ठेवलीत?"

त्याने रंग बदलून पाहिले. उपयोग झाला नाही. आता ती जेवण भरवायला नव्हे, हरवलेल्यांना शोधायला बाहेर पडू लागली, आणि ऊन उतरायची वाटही बघेनाशी झाली. आधी निदान चपला शोधायची, आता अनवाणी निघायची. खेळ त्याने काढून टाकला, तरी तिचं शोधणं थांबलं नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. आई दुपारभर पेंगू लागली आणि संध्याकाळी झोकांड्या खात दाराकडे जाऊ लागली.

रजा संपली. वृद्धांच्या निवासात नाव घालून झालं होतं. तिथे जागा रिकामी होण्याचा एकच मार्ग असतो, आणि तो व्यवस्थापकाने सभ्य शब्दांत सांगितला.

"बाहेरून कडी?" बायकोने विचारलं. "आत काही पेटलं तर?"

"दुसरं काही सुचत असेल तर सांग."

तिने ड्रिलची वायर सोडवून दिली आणि आत निघून गेली.

कडी बसवत असताना आई बाहेर येऊन त्याच्याजवळ उभी राहिली. सकाळची वेळ होती, ती बरी होती. त्याने स्क्रूंची डबी तिच्या हातात दिली, म्हणजे ती जिन्याकडे जाणार नाही. एकेक स्क्रू ती निवडून, टोक आपल्याकडे ठेवून त्याला देत होती, कारखान्यात सुया द्यायची तशी.

"कुणाचं घर आहे?" तिने विचारलं.

"ओळखीचे आहेत."

"मुलं असतील घरात. पक्की बसव."

त्याने पक्की बसवली, दोनदा ओढून पाहिली, आणि तिला आत घेऊन गेला.