पाखऱ्याची पहिली धाव

ईडन प्रेरी गावातल्या मराठी घरांत वसुधाबाईंना सगळे ‘हाडांच्या काकू’ म्हणायचे. कुणाचं पोर झोपाळ्यावरून पडलं, बर्फावर घसरलं, की हॉस्पिटलच्याही आधी फोन त्यांना. नागपूरहून डॉक्टर होऊन त्या अमेरिकेत आल्या त्याला तीस वर्षं उलटून गेली होती, आणि एवढ्या काळात त्यांनी फक्त लहान मुलांचीच हाडं पाहिली. हात हलका, बोलणं मोजकं आणि नकार पक्का, अशी त्यांची ख्याती. मिनेसोटातले हॉकीवेडे बाप त्यांच्यापुढे गयावया करायचे, “डॉक्टर, फायनल आहे हो, एकच मॅच खेळू द्या.” वसुधाबाई एक्सरे उजेडावर धरायच्या आणि हाडाच्या टोकाजवळची पुसट रेष दाखवायच्या. “ही वाढीची रेष. इथं अजून नुसती कूर्चा आहे. इथं मार बसला तर पाय वाकडा वाढेल. नाही म्हणजे नाही.” बाप तणतणत जायचा. पुढच्या नाताळात बहुतेकदा त्याच घरातून शुभेच्छांचं कार्ड यायचं.

त्यांचे यजमान गुरुदत्तराव अगदी वेगळ्या मातीचे. जतच्या बाजूच्या एका गावात वाढलेले, पुण्याला इंजिनियर झालेले, इथे पंपांच्या कारखान्यात नोकरी करून २००४ साली निवृत्त झालेले. हसरा, बोलघेवडा माणूस. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली तर स्वतःची थांबवून बॉनेटमध्ये डोकं घालणार. अशाच एका थांबण्यातून त्यांची रॉय लिंडक्विस्टशी ओळख झाली. वकोनिया गावाच्या पलीकडे रॉयची शेती होती. त्याचा ट्रॅक्टर रस्त्याकडेला अडला होता, गुरुदत्तरावांनी तो दुरुस्त करून दिला, आणि मग रॉयने त्यांना गोठ्यात नेऊन कुत्रीची नुकती झालेली पिल्लं दाखवली.

पिल्लं पाहून गुरुदत्तराव तिथेच गवतावर बसले. त्यांच्या आईचं लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, काडीसारखे पाय. लहानपणी विष्णूकाकांकडे असायची अगदी तशीच शिकारी कुत्री. माळावर ससा उठला की ती कशी वाऱ्यासारखी सुटायची आणि आपण अनवाणी मागे कसे धावायचो, हे वसुधाबाईंनी लग्नानंतर इतक्यांदा ऐकलं होतं की ती काटेरी झुडपंसुद्धा त्यांना पाठ झाली होती. रॉयची कुत्री मात्र ग्रेहाउंड आणि कॉलीचा संकर. रॉयची आई इंग्लंडची, ती अशा कुत्र्यांना लर्चर म्हणायची, म्हणून रॉयही म्हणायचा.

जून महिन्यात एक पिल्लू घरी आलं. वसुधाबाईंना घरात केस, वास काही नको होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्या गप्प बसल्या. नाव ठेवलं पाखऱ्या. रॉयला ते काही केल्या जमेना. तो ‘पॅकर’ म्हणायचा आणि स्वतःच कपाळावर हात मारायचा, “गुरू, मिनेसोटात राहून कुत्र्याला शेजारच्या राज्यातल्या वैरी फुटबॉल टीमचं नाव? लोक माझ्याकडे यायचे बंद होतील!”

पिल्लू आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सशांचा प्रश्न निघाला. ईडन प्रेरीत सशांना काय तोटा! मागच्या अंगणात रोज संध्याकाळी दोन-तीन यायचे आणि झेंडूची रोपं शेंड्यापासून खायचे. पाखऱ्या काचेच्या दाराला नाक लावून थरथरायचा.

“याला सशामागे कधी सोडायचं गं?” गुरुदत्तरावांनी चहा पिता पिता विचारलं. “काका तर सहा महिन्यांचं झालं की सोडायचे.”

“आणि त्यातली किती लंगडी व्हायची?”

गुरुदत्तराव आठवत राहिले. “दोन-तीन झाली होती खरी.”

“मग? अहो, ही उंच जात आहे. हाडं भराभर लांबतात, पण टोकं कच्ची राहतात. ससा एकदम वळतो, त्याच्या मागे हा वळणार, सगळा भार एका पायावर येणार. वर्षाचा होऊ दे. तोवर पट्टा सोडायचा नाही.”

“बरं बाई,” ते हसून म्हणाले. “डॉक्टर तू.”

रॉयचंही मत तेच होतं. एप्रिलमध्ये पाखऱ्या वर्षाचा होणार, सप्टेंबरात शिकारीचा हंगाम उघडणार, मग रॉयच्या कापणी झालेल्या रानात त्याला पहिल्यांदा सोडायचं, असं ठरून गेलं. गुरुदत्तरावांनी गुडघ्यापर्यंतचे बूटसुद्धा आणून ठेवले.

ऑगस्टमध्ये त्यांना पाठदुखी सुरू झाली. ट्रॅक्टरखाली वाकल्यामुळे असेल, म्हणून त्यांनी आठ-दहा दिवस अंगावर काढली. मग डोळे पिवळे दिसले आणि वसुधाबाईंनी त्याच दिवशी त्यांना गाडीत घातलं. स्कॅन निघाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत पोचलेला. दाखवणारा डॉक्टर तरुण होता. तो शब्द शोधत होता आणि वसुधाबाई त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होत्या. त्यांना सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी हाताला लागेल ते काम धरलं. औषधांच्या वेळा, पातळ भात, ताक, फोन. मुलगी अनया जर्सी सिटीहून दर शुक्रवारी विमानाने येऊ लागली. घरात कुणी रडायचं नाही, असा अलिखित नियमच झाला, आणि तो वसुधाबाईंनीच घातला होता.

ऑक्टोबरातली एक दुपार. मेपलची पानं पिवळीधमक झाली होती. गुरुदत्तराव खिडकीशी आरामखुर्चीत, अंगावर शाल, पायाशी पाखऱ्या. सहा महिन्यांत तो त्यांच्या मांडीइतका उंच झाला होता. बाहेर गवतावर ससा बसला होता.

“वसू,” ते म्हणाले, “रविवारी रॉयकडे जाऊ या का? मी गाडीतच बसेन. याला एकदा सोडू.”

“कुणाला? पाखऱ्याला? सहा महिन्यांचा आहे तो.”

“एकदाच गं. मऊ गवतावर. ससा धरायलाच पाहिजे असं नाही. मला नुसतं बघायचंय.”

वसुधाबाई हातातला टॉवेल घडी करत होत्या. त्यांच्या तोंडून हॉस्पिटलात निघायचं तेच निघालं. “एकदाच म्हणूनच पाय मोडतात.” आणि मग घाईघाईने, खूप गोड आवाजात, “एप्रिल काही लांब नाही. तोवर तुम्हाला पण ताकद येईल. आपण दोघं जाऊ.”

गुरुदत्तरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेला नजर देणं वसुधाबाईंना जमलं नाही. त्यांनी टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी केला.

“बरं,” ते म्हणाले.

त्या ‘बरं’चा अर्थ वसुधाबाईंना तेव्हाच कळला होता. ‘चला, रविवारी जाऊ’ म्हटलं असतं, तर एप्रिल येणार नाही हे दोघांत एकदा बोलून झालं असतं. ते त्यांना बोलायचं नव्हतं. त्यांनी पुढे केले ते पाखऱ्याचे पाय, आणि ते कारण खोटंही नव्हतं, त्यामुळे त्यामागे लपणं फार सोपं गेलं.

नंतर थोड्याच दिवसांनी त्या औषधं आणायला गेल्या होत्या. तासाभराने परतल्या तर आरामखुर्ची रिकामी, मागचं दार सताड उघडं. धावत अंगणात गेल्या. गुरुदत्तराव डेकच्या पायरीवर बसले होते, पायात घरातल्या सपाता, अंगात नुसता स्वेटर. दार उघडं राहून पाखऱ्या बाहेर पळाला असावा. त्याच्या मानेच्या पट्ट्यात त्यांनी दोन्ही हातांची बोटं अडकवली होती. समोर झुडपापाशी ससा कान टवकारून बसला होता. कुत्रा सगळं अंग पुढे ओढत होता, त्याच्याबरोबर गुरुदत्तरावांचे खांदे हलत होते, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

वसुधाबाईंनी पुढे होऊन पट्टा हातात घेतला तेव्हा ससा उडी मारून दिसेनासा झाला.

“सोडला नाही,” गुरुदत्तराव धापा टाकत म्हणाले. “तुला सांगितलं होतं ना, नाही सोडणार म्हणून.”

“शहाणे आहात,” वसुधाबाई म्हणाल्या. प्लास्टर ओलं न करता आलेल्या मुलांना त्या म्हणायच्या तसंच. त्यांना धरून आत आणलं, पाय गरम पाण्यात ठेवले, दाराला कडी घातली. त्यानंतर गुरुदत्तराव अंगणात गेले नाहीत. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात, सकाळी, अनया त्यांना चमच्याने पाणी पाजत असताना ते गेले.

हिवाळा कसा गेला ते वसुधाबाईंना आठवत नाही. पाखऱ्याला फिरवावं लागायचं म्हणून त्या अंथरुणातून उठायच्या. शून्याखाली पारा, नाकातला श्वास गोठायचा, आणि हा लांब पायांचा प्राणी अंगावर कोट घालून त्यांच्या गुडघ्याला घासत चालायचा. एप्रिलमध्ये तो वर्षाचा झाला. मे महिन्यात त्या त्याला घेऊन पशुवैद्य बाईंकडे गेल्या आणि पायांचा एक्सरे काढायला लावला. बाईंनी फिल्म लावली. वाढीच्या रेषा सगळ्या बुजल्या होत्या, चारही पाय सरळ.

“फार छान सांभाळलंत,” बाई म्हणाल्या. “आता खुशाल पळू द्या.”

वसुधाबाईंनी फिल्मवरून नजर न काढता विचारलं, “समजा सहाव्या महिन्यात एकदा सोडला असता. एकदाच. मऊ जमिनीवर. काय झालं असतं?”

“एकदाच?” बाईंनी खांदे उडवले. “बहुतेक काहीच नाही. पिल्लं बागेत आपसात पळतातच की. रोज पळवणं वाईट. पण खात्री कोण देणार? का हो?”

“सहज,” वसुधाबाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन चालू ठेवून तशाच बसून राहिल्या. मागच्या सीटवरून पाखऱ्याने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. घरी नियम होता तो इथे नव्हता. पार्किंग लॉटमध्ये, भर दुपारी, वसुधाबाई मोठमोठ्याने रडल्या.

सप्टेंबरात रॉयचा फोन आला. रान मोकळं झालं होतं. वसुधाबाईंचं मन नव्हतं, पण आता न सोडणं म्हणजे त्या मुक्या जिवावर सूड उगवणं झालं असतं. त्या गेल्या. रॉय पुढे चालला, त्या पट्टा धरून मागे. बांधाजवळच्या वाळक्या गवतातून ससा उठला आणि रॉय ओरडला, “सोड!”

त्यांनी पट्ट्याची कडी काढली. पाखऱ्या गेला. म्हणजे हातात होता आणि मग नव्हताच. कणा धनुष्यासारखा वाकत होता, पाय पोटाखाली एकत्र येऊन पुन्हा चारी दिशांना फाकत होते, जमिनीला तो लागत होता की नाही कळत नव्हतं. ससा डावीकडे वळला, पाखऱ्या जागच्या जागी वळला, माती उडाली. गुरुदत्तरावांनी वर्णन केलं होतं त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. आणि वसुधाबाईंनी नकळत मान फिरवली, त्यांचा चेहरा बघायला. बाजूला रॉय उभा होता, टोपी हातात घेऊन.

ससा लाकडांच्या ढिगाऱ्यात शिरून वाचला. पाखऱ्या जीभ लोंबवत, शेपूट हलवत परत आला. रॉयने त्याची मान खाजवली. मग म्हणाला, “गुरूने हे बघायला हवं होतं.”

“हो,” वसुधाबाई म्हणाल्या. “बघायला हवं होतं.”

त्या संध्याकाळी त्यांनी अनयाला फोनवर सगळं सांगितलं, ऑक्टोबरपासूनचं. अनया इंग्रजीतच बोलली. आई, तू बरोबर केलंस, बाबा इतक्या लवकर जातील हे तुला कुठे माहीत होतं?

“माहीत होतं गं,” वसुधाबाई म्हणाल्या. “स्कॅन मी पाहिला होता.”

मग अनया मराठीत म्हणाली, “मी येऊ का या शुक्रवारी?” आणि आली.

वसुधाबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. हंगामात दर रविवारी पाखऱ्याला रॉयच्या रानात नेतात. त्याने ससे धरलेही, ते रॉयच्या घरी शिजतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना त्या जातात, हसतात, पोरांचे गुडघे तपासतात. आपण चुकलो का, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. कुणी काय सांगणार होतं?

२००८ च्या उन्हाळ्यात यशोधनचा फोन आला. यशोधन आणि अदिती हे तरुण जोडपं, दोघंही आयटीत, गणपतीला ओळख झालेली. त्यांनीही रॉयकडून पिल्लू आणलं होतं.

“काकू, एक क्वेश्चन होता. सात महिन्यांचा झालाय आमचा. रॉय म्हणतो वर्षाचा होईपर्यंत थांबा, पण यार, तो इतका मागे लागतो ना सशांच्या! एकदा सोडून बघू का? फक्त एकदा?”

वसुधाबाईंनी पायाशी झोपलेल्या पाखऱ्याकडे पाहिलं. यशोधनला वाटलं फोन कट झाला. “हॅलो? काकू?”

“घरी सगळी बरी आहेत ना रे?”

“हो काकू, मस्त आहोत. का?”

“तुझे आईबाबा आलेत ना इथे? त्यांची तब्येत?”

“आहेत ना. बाबा तर रोज चार मैल चालतात. काय झालं काकू?”

“काही नाही,” वसुधाबाई म्हणाल्या. “मग थांब तू. वर्षाचा होऊ दे. हाडं कच्ची असतात रे. आणि हे बघ, तब्येतीचं कुणाचं काही वेगळं झालं, तर मला परत विचार.”

यशोधनला त्यातलं निम्मंच कळलं असावं. तो बरं म्हणाला, थँक्स म्हणाला, आणि अदितीने केलेली पुरणपोळी बिघडल्याची गोष्ट सांगत बसला. वसुधाबाईंनी ती सगळी ऐकून घेतली आणि कणीक किती सैल हवी तेही सांगितलं.