चढवलेली पट्टी

मखमलाबादचा शेखर बोराडे शेवंती पिकवायचा, पण त्याचा जीव बडबडगीतांत अडकलेला. परदेशी चौकडींची वाद्यांशिवायची गाणी मोबाइलवर ऐकून त्याला ती तशी चौघांत गायचा नाद लागला. गाण्याच्या या प्रकाराचं नाव बार्बरशॉप. एकजण चाल धरतो, दुसरा तिच्या वर गातो, दोघं खाली. चौघं नेमके जुळले की कुणीच न गायलेला पाचवा सूर खोलीत घुमतो. त्या एका सुरासाठी शेखर पोरांची गाणी चार आवाजांत बसवायचा.

नाथा खर्जात, राज सगळ्यात वर, मधे शेखर स्वतः. चाल मात्र मेहुण्याकडे, सोमनाथकडे. बायकोचा, शुभांगीचा, हा धाकटा भाऊ म्हणजे गावच्या भजनातला लाडका गळा. 'कोथिंबिरीची जुडी, घालते फुगडी' यातल्या 'फुगडी'वर तो हटकून मुरकी घ्यायचा आणि पाचवा सूर पळून जायचा.

"सरळ उभा राहा ना त्या सुरावर!" शेखर खेकसायचा.

"मी काय विजेचा खांब हाय? लोक माझा गळा ऐकायला येतात, दाजी."

"लोक कुठले? बालवाडीतली पोरं येतात!"

एकदा फूलबाजारात चारचौघांत सोमनाथ म्हणाला, "दाजींना गाता येत नाय, म्हणून दुसऱ्यांचे गळे आवळतात." शेखरच्या कानावर ते गेलं.

बालवाडीच्या स्नेहसंमेलनात सोमनाथची लेक हर्षाली पुढच्याच सतरंजीवर बसली होती. सुरुवातीचा सूर द्यायचं काम शेखरचं. सराव काळी एकमध्ये झाला होता. शेखरनं त्याहून बरीच वरची पट्टी, पांढरी तीन, दिली. पहिल्याच शब्दाला सोमनाथला कळलं. त्यानं वळून पाहिलं, तर शेखर पोरांकडे बघत गात होता. आता थांबताही येईना. 'फुगडी'च्या वरच्या सुरावर सोमनाथचा आवाज चरचरून फाटला. पोरं खिदळली. एकानं कोंबड्यासारखी बांग दिली. हर्षालीही हसली, मग बापाचा चेहरा पाहून गप्प झाली.

पडद्यामागे सोमनाथनं शेखरची कॉलर धरली.

"पट्टी चढवली तुम्ही."

"चढवली."

"माझ्या पोरीसमोर!"

"तू अख्ख्या बाजारासमोर बोललास."

नाथानं दोघांना ओढून वेगळं केलं. तेवढ्यात शुभांगी आत आली. नवऱ्याला म्हणाली, "लेकरांच्या गाण्यात विष कालवलंत तुम्ही." आणि भावाकडे वळून, "तुझं तोंड आधी आवरलं असतंस तर!"

सोमनाथ पुन्हा सरावाला आला नाही. भाऊबीजेला तो फाटकाबाहेरच उभा राहिला. शुभांगीनं ताट बाहेर नेऊन रस्त्यावर ओवाळलं. शेखर ओसरीवर शेवंतीच्या जुड्या बांधत बसला. त्यानं आणि सोमनाथनं एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढे शेखरनं विंचूरचा साई शोधून आणला. आवाज साधाच, पण हलायचा नाही. एका संध्याकाळी 'फुगडी'वर चौघं जुळले आणि पाचवा सूर भिंतींतून निघाल्यासारखा लख्ख घुमला. राजला हसू आवरेना. शेखर उडी मारून स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"ऐकलंस?"

शुभांगीनं त्याच्याकडे पाहत मिक्सर सुरू केला, आणि तो दारातून हलेपर्यंत बंद केला नाही.