समोरच्या बाईची ओळ

संग्रहालयात धूळ आणि किस्से रोज साचतात. धूळ आम्ही सकाळी झाडतो आणि किस्से दुपारच्या चहाला बाहेर काढतो. नांदेडच्या एका छोट्या संग्रहालयात मी गाइड आहे. नव्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, चित्रांसोबत संगीत लावू, बघणाऱ्यांना जरा हलकं वाटेल. मी मनात म्हटलं, झालं, आता इथंही डीजे!

*

पहिल्याच दिवशी हॉलमध्ये तंबोऱ्याचा आवाज लावला आणि लोक देवळात आल्यासारखे दारातच चपला काढायला लागले. मॅडमनी पाटी लावली, चप्पल काढण्याची गरज नाही. लोक पाटीखालीच चपला काढून ठेवू लागले! मी एका काकांना समजवायला गेलो. ते बीपीची गोळी खिशात घेऊन फिरणारे.

"राहू द्या की. फरशी गार हाय, डोस्कं शांत होतं."

पाटी मीच उतरवली.

*

बैलाच्या मोठ्या चित्रापाशी आम्ही घुंगरमाळेचा आवाज लावतो. देवणीहून आलेले एक शेतकरी तिथं तासभर बसले. त्यांचा लाडका बैल नुकताच म्हातारपणानं गेला होता. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीत हिरवं गवत आणलं. वॉचमननं अडवलं, चित्र गवत खातं का म्हणून विचारलं.

"खात न्हाई, ते ठावं हाय मला. पण रिकाम्या हातानं कसं यावं?"

मॅडमनी गवत ठेवू दिलं. सगळे हसले, मी मात्र ते चित्रापाशी नीट मांडलं.

*

शेवटच्या हॉलमध्ये जात्याचं चित्र आहे. एक बाई दळतेय, समोरची जागा रिकामी. त्यासाठी आम्ही मुखेडच्या एका आजींच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आजी एक ओळ म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. दमलात का, असं मी विचारलं.

"दमले न्हाई बाबा. दुसरी ओळ समोरची म्हणती."

समोर कुणीच नव्हतं. रेकॉर्डिंग तसंच लावलं, तर लोकांना वाटे मशीन बिघडलं. एका गुरुजींनी स्पीकरला दोन थपडाही मारल्या! शेवटी मॅडमनी ठरवलं, मधल्या रिकाम्या जागा सोमवारी कापून टाकायच्या.

*

त्याच्या आदल्या शनिवारी उमरीचे किशनराव बायकोला, गयाबाईंना, घेऊन आले. लग्न झाल्यापासून गयाबाई आणि त्यांची थोरली जाऊ एकाच जात्यावर ओव्या म्हणत दळायच्या; किशनराव अंथरुणात पडून ऐकायचे. जाऊ गेली आणि गयाबाईंचं बोलणंच बंद झालं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. इथं बरं वाटतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून किशनराव एसटीनं आले होते.

तंबोरा झाला, घुंगरमाळ झाली. गयाबाई नुसती मान हलवत होत्या. किशनरावांचं तोंड उतरलं आणि मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं.

जात्याच्या चित्रापाशी आजींची ओळ झाली, आवाज थांबला. मशीन बिघडलेलं नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. तोवर गयाबाई चित्रापुढं फरशीवर बसल्या, एक पाय पसरला आणि घोगऱ्या आवाजात दुसरी ओळ म्हणाल्या.

आजींची पुढची ओळ. पुन्हा गयाबाईंची.

किशनरावांनी माझा हात घट्ट धरला होता. रेकॉर्डिंग संपलं, तशा मॅडम पुन्हा बटण दाबायला धावल्या. गयाबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं आणि चित्रातल्या बाईकडं बघून म्हणाल्या,

"थांब. आता पहिली मी म्हणते, तू मागून म्हण."

एक ओळ म्हणून त्या थांबल्या.

दुसरी ओळ किशनरावांनी म्हटली.