चावी दिलेलं घड्याळ

अप्पाकाका गेल्याची बातमी आमच्या माधवगंजातल्या दूधवाल्यानं आणली. 'आपके काका नहीं रहे,' तो म्हणाला, आणि मी मूर्खासारखं विचारलं, 'कहाँ नहीं रहे?' आता महिना होत आला, तरी माझा गोंधळ संपलेला नाही... फक्त त्याचं कारण बदललं आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, संस्थानच्या कचेरीत कारकून. विलीनीकरण झालं, संस्थानाचा मध्यभारत झाला, मग मध्यभारताचाही मध्यप्रदेश झाला आणि कचेरी भोपाळला निघाली. काकांचा मुलगा तिच्याबरोबर गेला, काका गेले नाहीत. मुदतीआधी पेन्शन घेऊन दाना ओली नावाच्या गल्लीतल्या खोलीत भिंग घेऊन बसले. जुन्या घड्याळांचा नाद त्यांना संस्थानी दिवसांपासूनच होता. दरबाराकडून मान म्हणून मिळालेल्या खिशातल्या घड्याळांच्या तबकडीवर संस्थानचं चिन्ह असे. विलीनीकरणाच्या धामधुमीत, नव्या साहेबांच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून, कित्येकांनी त्या तबकड्या बदलून टाकल्या. आणि राजधानीही भोपाळला जाऊन हातची गेल्यावर त्याच मंडळींना चिन्ह परत हवंसं झालं. मग जुन्यासारख्या नव्या तबकड्या रंगवून मिळू लागल्या. 'बैल गेला आणि झोपा केला,' काका म्हणायचे. हाती आलेली तबकडी मूळची की नवी, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत.

रविवारी माझ्या शाळेला सुट्टी, म्हणून शेजारी बसून मीही शिकले. 'आधी सहाचा आकडा बघ,' काका सांगत, 'या घड्याळांत सेकंदाचं छोटं वर्तुळ त्याला कापून जातं. नक्कल करणाऱ्याला दया येते, तो बिचारा सहा पुरता काढतो.' मग मिनिटांच्या रेघा भिंगाखाली फुटतात का, मोठा काटा त्या रेघांपर्यंत पोचतो का... आणि पांढरा रंग जास्तच पांढरा असला की काका नाक मुरडत. पण 'नकली' हा शब्द त्यांनी कधी कुणाच्या तोंडावर उच्चारला नाही. तबकडी मूळची असली तर 'जपा, उगाच चालवू नका,' म्हणून घड्याळ तसंच बंद परत करत. नवी असली तर काही न बोलता पूर्ण चावी देत, वेळ लावत आणि टिकटिकतं घड्याळ हातावर ठेवत. माणूस खूश होऊन जाई, समजणारा समजून जाई.

आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दरबारात मिळालेलं घड्याळ काका स्वतः वापरत. भोपाळला का गेला नाहीत, असं कुणी टोचलं की खिशावर हात ठेवून म्हणत, 'आबांचा मान इथला आहे.' ते घड्याळ त्यांनी कुणालाच उघडू दिलं नाही. मलाही नाही.

तेराव्यानंतर काकूनं ते माझ्यापुढे ठेवलं. 'तू तर यांच्याजवळच शिकलीस न, जरा देखून सांग. याच्यापायी मुलगा तिकडे आणि आम्ही इकडे राहिलो... असली आहे न?'

मी उघडलं. सहाचा आकडा पुरता होता. भिंग पुसून पुन्हा पाहिलं, तरीही पुरताच. डोक्यात नुसता गुंता झाला. मूळची तबकडी काकांनीच भीतीपोटी काढली, की आबांनी? काकांना कुणी फसवलं? छे, त्यांना कोण फसवणार! मग माहीत असूनही या रंगवलेल्या पत्र्यासाठी ते इथं अडून बसले? मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. काकू वाट बघत होती. मी घड्याळाला चावी दिली, वेळ लावली आणि ते तिच्या हातावर ठेवलं.

त्या खोलीत येणाऱ्याजाणाऱ्यांना इतकी वर्षं चहा काकूच आणून देत होती, हे मी विसरलेच होते. तिनं टिकटिक ऐकली.

'हे पण रोज सकाळी असंच करायचे,' ती म्हणाली. 'पूर्ण चावी द्यायचे, वेळ लावायचे आणि आधी माझ्या हातात ठेवायचे. मग खिशात. मला वाटायचं, आदत आहे...'

परवा गेले तेव्हा घड्याळ काकांच्या मेजावर चालू होतं. चावी आता काकू देते. मुलाकडे भोपाळला कधी जाणार, असं मी विचारलं.

'जाईन ग,' ती म्हणाली, 'आधी यांच्याशी जरा भांडून तर घेऊ दे.'