गिरीजची नारिंगी गाडी

गाड्या बघून द्यायचं काम केलं की किस्से डिकीतल्या सामानासारखे साठत जातात. काढू काढू म्हणता राहूनच जातात. परवा आठवायला बसलो, तर निम्मे एकाच गाडीचे निघाले. आता बोला!

माझं काम सोपं होतं. सेकंडहँड गाडी घेणारा मला बरोबर न्यायचा. मी बॉनेट उघडून, एक चक्कर मारून सांगायचो, 'घ्या' नाहीतर 'सोडा'. विरारपासून वसईपर्यंत माझ्या शब्दावर लोक चेक फाडत.

ही गाडी वसईजवळच्या गिरीजला, पास्कलकाकांच्या वाडीत. त्यांच्या मुलाने दुबईहून आणलेली अमेरिकन गाडी. वय दोन वर्षं, पण रूप मुद्दाम चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचं. नारिंगी रंग, लांबलचक नाक, दोनच दारं, रुंद चाकं, आणि इंजिन असं की पाय ठेवला की मान मागे! स्टिअरिंग उजवीकडे करून घेतलेलं, तेही काम चोख. गाडी काकांच्या नावावर करून मुलगा कॅनडाला गेला आणि तिकडचाच झाला. काकू आधीच गेलेल्या. केळीच्या बागेत काका आणि गाडी, एवढेच उरले. काकांनी पेपरात जाहिरात दिली आणि गिऱ्हाइकं मला घेऊन तिथे जायला लागली.

*

पहिले आले आचोळ्याचे एक कॉन्ट्रॅक्टर. गाडीकडे बघायच्या आधीच विचारलं, "ॲव्हरेज?"

"लिटरला चार," मी म्हणालो. "रस्ता मोकळा असला तर पाच."

"अहो, एवढ्यात माझा पाण्याचा टँकर जातो!"

"मग टँकरनेच फिरा," काका म्हणाले. "पण चहा घेऊन जा."

*

बँकेतले एक गृहस्थ बायको आणि सासूबाईंना घेऊन आले. दारं दोनच, त्यामुळे पुढची सीट वाकवून सासूबाई मागे शिरल्या. शिरल्या खऱ्या, पण बाहेर येईनात! एक पाय काढला की दुसरा अडके. शेवटी दमून त्या आतच बसल्या. काकांनी खिडकीतून त्यांना चहा आणि बागेतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी दिली.

"सीट मऊ आहे हो," सासूबाई आतून म्हणाल्या.

जावई माझ्या कानाशी लागला, "बाकी काही असो, गाडी मजबूत आहे!"

*

मग एक कॉम्प्युटरवाला तरुण आला. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"नवी गाडी, पण जुनी दिसते, म्हणून किंमत जास्त?"

"फॅशन आहे ती," मी म्हणालो.

"मी तर खराच जुना आहे," काका म्हणाले, "मला कोण विचारतंय?"

आम्ही हसलो. काकाही हसले, पण जरा उशिरा.

*

एका रविवारी गिऱ्हाईक ऐनवेळी फिरकलंच नाही. काकांना फोन करून कळवता आलं असतं, पण मी एकटाच गेलो. बायको गेल्यापासून फुलपाड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत रविवार जाता जात नसे. मुलगी बंगळूरला, तिचा फोन आला तर आला.

काका चर्चमधल्या मिस्साहून येऊन ओट्यावर बसले होते.

"गिऱ्हाईक कुठाय?"

"आलं नाही."

"बरं झालं! आता नीट बसता येईल."

संध्याकाळपर्यंत बसलो. गाडीवरचं कव्हरसुद्धा काढलं नाही.

"जाहिरात चालूच ठेवतो," निघताना काका म्हणाले. "नाहीतर या वाडीत कोण येणार?"

मला ते फार लागलं. गाडी विकली गेली की आमचा रविवार बुडाला, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर किंमत जरा जास्तच सांगायची, असं काकांनी ठरवलं आणि मी मान डोलावली.

*

आणि मग एक हॉटेलवाला आला. गाडीभोवती एकच फेरी मारली, घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य केली आणि चेकबुक काढलं.

काका माझ्याकडे बघायला लागले.

मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोललो नव्हतो. डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, "सोडा. इंजिनात खडखड आहे. खोलावं लागेल."

हॉटेलवाल्याने चेकबुक परत खिशात घातलं.

काका ताडकन उठले.

"काय म्हणालास? माझ्या पोरानं वाळवंटात राबून घेतलेली गाडी आणि खडखड?"

गाडीत बसले, इंजिन चालू केलं. "ऐका तुम्हीच!"

इंजिन असं घुमलं की शेजारचे लोक कुंपणाशी आले. हॉटेलवाला हसला. अर्ध्या तासात कागदांवर सह्या झाल्या आणि काकांनी स्वतःच्या हाताने किल्ली दिली.

गाडी चर्चच्या वळणावर दिसेनाशी झाली. आवाज मात्र येत होता. काकांनी माझा दंड घट्ट धरला.

"नीट ऐक. आहे का खडखड?"

"नाही, काका."

आवाज ऐकू यायचा थांबला, तरी त्यांनी दंड सोडला नाही.